देशाचे कर्ज कोण फेडतो?



२०२५ चे ज्युबिली वर्ष आपण साजरे केले. यात्रा झाल्या, पवित्र दाराविषयी प्रवचने झाली. मात्र परमगुरू फ्रान्सिस ह्यांनी ९ मे २०२४ रोजी ज्युबिलीची घोषणा करताना आणखी एक गोष्ट मागितली होती, तिची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही. जे गरीब देश आपले कर्ज कधीच फेडू शकणार नाहीत, त्यांचे कर्ज श्रीमंत देशांनी माफ करावे, असे त्यांनी म्हटले होते. परमगुरूंनी बँकांच्या कारभारात कशाला पडावे, असे कोणाला वाटेल. परंतु लेवीय ग्रंथाचा २५ वा अध्याय काढून वाचा. दर ५० व्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची आणि दारिद्र्यामुळे दुसऱ्याच्या घरी राबणारा मनुष्य मोकळा व्हायचा. ज्युबिलीचा उगमच जमीन आणि कर्ज ह्यांच्या हिशेबात आहे. संत जॉन पॉल दुसरे ह्यांनीही २००० सालच्या ज्युबिलीसाठी १९९४ मध्ये हीच हाक दिली होती.

आता देश कर्जबाजारी होतो म्हणजे नेमके काय होते? आपण पतपेढीतून कर्ज घेतो तेव्हा रुपयांत घेतो आणि रुपयांतच फेडतो. गरीब देश बाहेरून कर्ज घेतो ते बहुधा डॉलरमध्ये. डॉलर त्याला छापता येत नाहीत, ते कमवावे लागतात. आखातात माणसे असलेल्या घरांना हे लगेच कळेल. डॉलर वधारला की घरी जास्त रुपये येतात आणि आपण खूश होतो. कर्जबाजारी देशाचे नेमके उलटे होते. एक पैसाही नवीन न घेता त्याचे कर्ज वाढते.

आपला शेजारी श्रीलंका घ्या. १२ एप्रिल २०२२ रोजी त्या सरकारने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवत असल्याचे जाहीर केले. तेव्हा परदेशी कर्ज सुमारे ५१ अब्ज डॉलर होते. मार्च २०२२ च्या आरंभी एका डॉलरला सुमारे २०० श्रीलंकन रुपये पडत, काही आठवड्यांतच ३५० च्या वर गेले. कागद आणायला डॉलर नाहीत म्हणून काही शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. पेट्रोल आणि रॉकेलच्या रांगेत उभी असताना वृद्ध माणसे मरण पावली. जुलैमध्ये लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले आणि राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले.

दोष कोणाचा? चीनच्या कर्जाने घात केला असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते आणि हंबनटोटा बंदराचे उदाहरण दिले जाते. २०१७ मध्ये ते बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले, हे खरेच. पण श्रीलंकेच्या परदेशी कर्जात चीनपेक्षा मोठा वाटा होता तो २००७ पासून आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा. तिथे व्याज चढे आणि सावकार अनेक, त्यामुळे सवलत मागायची तरी कोणाकडे?

घरच्या चुकाही कमी नव्हत्या. २०१९ च्या अखेरीस सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ वर आणला आणि तिजोरी रिकामी केली. २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली, भाताचे पीक घटले आणि काही महिन्यांतच बंदी मागे घ्यावी लागली. त्याआधी २०१९ च्या ईस्टर रविवारी कोलंबो, निगोंबो आणि बट्टिकलोआ येथील चर्चमध्ये व मोठ्या हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले, पर्यटक येईनासे झाले. मागोमाग कोविड आला आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने तेल भडकले.

आपण ह्या गोष्टी दुरून पाहू नयेत. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला, तेव्हा लाखाहून अधिक भारतीय विमानांनी परत आणावे लागले. तेल महागले, आखातातून येणारा पैसा आटला. १९९१ मध्ये भारताकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच परकीय चलन उरले होते. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. घरातली बाई अडचणीत पाटल्या गहाण टाकते, तसेच हे.

श्रीलंकेला २०२२ मध्ये भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे ३ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले, अर्थात अटींसह. इथे आपला मूळ प्रश्न येतो. सवलतीच्या रॉकेलचा भाव ऑगस्ट २०२२ मध्ये लिटरला ८७ रुपयांवरून एकदम ३४० झाला होता. निगोंबोच्या किनाऱ्यावर बहुसंख्य कोळी आपल्यासारखेच कॅथोलिक आहेत आणि त्यांच्या लहान होड्या रॉकेलवर चालतात. दिवसभराची मासळी विकूनही इंधन सुटणार नसेल तर होडी वाळूवरच राहते. पुढे जानेवारी २०२४ मध्ये मूल्यवर्धित कर १८ टक्के झाला. हा कर गरीब आणि श्रीमंत एकाच दराने भरतात. देशांतर्गत कर्जाची फेररचना २०२३ मध्ये झाली, तेव्हा बँकांकडील सरकारी रोखे वगळले गेले आणि कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीवर भार आला. बँका बुडू नयेत हे कारण दिले गेले. ते खोटे नाही, पण कामगाराला कोणी विचारले नाही.

आणि परदेशी रोखेधारक? त्यांनीही मुद्दलातला सुमारे २७ टक्के भाग सोडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या रोख्यांच्या जागी नवे घेतले. त्यातल्या काही रोख्यांत एक कलम आहे: श्रीलंकेची अर्थव्यवस्था अपेक्षेपेक्षा अधिक वाढली, तर सावकारांना अधिक पैसे द्यायचे. इतर देशांच्या सरकारांकडून घेतलेल्या कर्जाचे हप्ते २०२८ पर्यंत पुढे ढकलण्यात आले.