किल्ली देण्याआधी

चि. बाळास,


कोथरूडचा फ्लॅट सोडतोस हे काल तुझ्या आईकडून कळलं. डिपॉझिटचं विचारलं तर म्हणाली, "मालक म्हणालेत, किल्ली द्या, पंधरा दिवसांत पैसे टाकतो." तेव्हापासून मला चैन नाही.

ठाण्याची जागा सोडताना आम्हीही अशाच शब्दावर किल्ली देऊन मोकळे झालो होतो. डिपॉझिट रोख दिलेलं, पावती नाही. सात महिने खेटे घातले. शेवटी रंगकामाचे म्हणून निम्मे कापून बाकीचे मिळाले. मधल्या काळात नव्या जागेचं डिपॉझिट भरायला मी माझ्या दोन्ही पाटल्या गहाण ठेवल्या. त्या सुटल्या, पण ते सात महिने मी विसरलेले नाही.

तुझे मालक लबाड आहेत असं मी म्हणत नाही. पण आपलं डिपॉझिट कुणी कपाटात जपून ठेवत नाही. ते खर्च झालेलं असतं आणि पुढच्या भाडेकरूचं आलं की त्यातून आपलं द्यायचं असतं. मालकांना नवा भाडेकरू मिळेपर्यंत आपण का थांबायचं? म्हणून नोटीस देतानाच लेखी विचार: किल्ली अमुक तारखेला देतो, त्याच दिवशी रक्कम खात्यावर जमा कराल ना? व्हॉट्सॲपवर विचारलंस तरी चालेल, उत्तर मात्र जपून ठेव.

आधी करार काढून नीट वाच. लॉक-इन संपलाय का, नोटीस किती दिवसांची, रंगाबद्दल काय लिहिलंय. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असं अजून पुष्कळांना वाटतं. आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोडून काढायचं तर पुरावा मालकाने द्यायचा.

मात्र पैसे येईनात म्हणून मुदत उलटल्यावर जागा अडवून बसू नकोस. कलम २४ प्रमाणे तसं केल्यास दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते. शेवटच्या दिवशी "जमत नाही" म्हणाले तर पुढच्या तारखेचा चेक घे आणि रक्कम, तारीख लिहून सही घे. तो चेक वटला नाही तर मालकांवर फौजदारी तक्रार करता येते, आणि हे त्यांनाही माहीत असतं. शेवटचे दोन महिने भाडं न देता डिपॉझिटमधून वळतं करून घेण्याचा सल्ला तुझे मित्र देतील. मालकांनी लेखी हो म्हटल्याशिवाय ते करू नकोस. मग थकबाकीदार तू ठरतोस.

आता घराचं. सामान हलवल्यावर, रिकाम्या घराचा दिवसाउजेडी व्हिडिओ काढ: नळ, गीझर, मोरी, खिडक्यांच्या काचा, सगळं. वापरून रंग मळणं वेगळं आणि बेसिन फुटणं वेगळं. भाडेपट्ट्यापुरता १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदासुद्धा वाजवी झीज भाडेकरूच्या माथी मारत नाही. फुटलं-तुटलं असेल ते मात्र लपवू नकोस. प्लंबर बोलावून आधीच नीट कर, बिल ठेव. महावितरणच्या मीटरचा फोटो मालकांसमोर काढ. शेवटचं बिल नंतर येतं, तेव्हा तेवढ्यापुरती रक्कम त्यांनी ठेवून घेतली तर हरकत घेऊ नकोस. बिल आल्यावर उरलेले परत करतील असं लिहून घे. सोसायटीची थकबाकी नसल्याचं सेक्रेटरींकडून लिहून घे, नाहीतर गेटवर टेंपो अडतो.

एक गोष्ट मला जास्त खुपते. तुमचा तिसरा जोडीदार मध्येच गेला आणि नव्या मुलाने आपला वाटा त्यालाच परस्पर दिला, हो ना? करारात त्या नव्या मुलाचं नाव नाही. मालक पैसे देतील ते करारातल्या दोघांना, म्हणजे तुला आणि तुझ्या मित्राला. त्यातला नव्या मुलाचा वाटा पैसे आले त्याच दिवशी त्याला दे. तो लातूरहून आलेला पोर आहे, नोकरीही नवी. त्याच्यावर माझ्यासारखी पाळी येऊ देऊ नकोस.

टेंपो कधीचा ठरला ते कळव. मी आदल्या दिवशी येते, ओटा आणि फरशा आपण दोघं मिळून घासू.

तुझी,
मावशी