गळाचे आमिष : प्लास्टिकचे गांडूळ व मातीतील गांडूळ

मावळ तालुक्यात भाताची लावणी आटोपली, की शेतकऱ्याच्या हाताशी थोडी सवड येते. नवलाख उंबरे व आसपासच्या गावांतील मंडळी अशा दिवसांत आंद्रा नदीच्या काठी गळ घेऊन बसतात. कालवणाला मासा मिळतो आणि विरंगुळाही होतो. आजवर गळाला लावावयाचे आमिष घरचेच असे : गांडूळ, कोळंबी, लहान मासा किंवा कणकेचा गोळा. अलीकडे मात्र रबरासारख्या मऊ प्लास्टिकची, रंगीत व वासाची गांडुळे बाजारात मिळू लागली आहेत, आणि काही तरुण ती हौसेने वापरतात. हे आमिष मुळात कोणत्या माशासाठी निघाले, ते कसे काम करते, आपल्या पाण्यात त्याचा उपयोग किती व त्यापासून अपाय कोणता, याची माहिती शेतकरी बंधूंना व गावपातळीवरील कार्यकर्त्यांना असणे इष्ट आहे.

हे आमिष आले कोठून?

उत्तर अमेरिकेतील तळ्यांत ‘बास’ नावाचा शिकारी मासा असतो. तो पाणगवतात व बुडालेल्या लाकडांच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि जवळून जाणारे भक्ष्य झडप घालून गिळतो. या माशासाठी ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरी निक क्रीम या गृहस्थाने १९४९ साली मऊ प्लास्टिकचे गांडूळ तयार केले. तेथे ते फार लोकप्रिय झाले.

हा बास मासा आपल्या नद्यांत नाही. कोकणच्या खाड्यांतील जिताड्याला इंग्रजीत आशियाई समुद्री बास म्हणतात; परंतु तो निराळा मासा असून मावळच्या गोड्या पाण्यात आढळत नाही. म्हणून पाकिटावरील चित्र पाहून आमिष घेणे म्हणजे जमीन न पाहता बियाणे घेण्यासारखे होय.

या गांडुळाचा कच्चा माल शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. पाण्याचा पाइप ज्या पीव्हीसीचा असतो, त्याच पीव्हीसीत मऊपणा आणणारे तेलकट द्रव्य मोठ्या प्रमाणात मिसळतात, मिश्रण तापवितात व साच्यात ओततात. थंड झाल्यावर ते लवचिक बनते. त्यात रंग, मीठ, लसणीचा किंवा बडीशेपेसारखा वास अथवा माशाचे तेल घालतात. हे मऊ करणारे द्रव्य हळूहळू बाहेर पाझरते. त्यामुळे असे गांडूळ काही जातींच्या कडक प्लास्टिकच्या डबीत ठेवल्यास डबीही चिकट होऊन विरघळू लागते.

माशाला आमिष कसे कळते?

मासा आमिष तीन प्रकारे ओळखतो.

१. डोळ्यांनी : स्वच्छ पाण्यात आमिषाचा आकार व हालचाल दिसते.

२. अंगावरील रेषेने : माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेषा असते. पाण्यातील हलका हेलकावाही तिच्या योगे माशाला जाणवतो. त्यामुळे गढूळ पाण्यातही वळवळणाऱ्या वस्तूचा पत्ता लागतो.

३. वासाने व चवीने : माशाच्या नाकपुड्या श्वासासाठी नसून केवळ वासासाठी असतात. मिशा असलेल्या माशांच्या मिशांवरही चव ओळखणारी इंद्रिये असतात.

माशाला जो वास येतो तो पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यांचा. जिवंत गांडुळाच्या अंगातून असे पदार्थ सतत पाण्यात उतरतात. उलटपक्षी तेलात मिसळलेला वास माणसाच्या नाकाला कितीही उग्र वाटला, तरी पाण्यात तो फारसा पसरत नाही. मग सुवासिक प्लास्टिकच्या गांडुळात वासाचे काम काय? मासा मुख्यतः हालचालीला फसून आमिष तोंडात घेतो. वास व खारट चव यांमुळे ते थुंकून टाकण्यास त्याला थोडा उशीर लागावा, असा हेतू असतो. तेवढ्या वेळात गळ ओढावयाचा असतो. सारांश, सुवास हा मदतनीस आहे; खरे काम हालचालीचे आहे.

सोपे प्रात्यक्षिक

ही गोष्ट शाळेत किंवा गावच्या सभेत सहज दाखविता येते. काचेचे दोन पेले पाण्याने भरावे. एकात रंगीत मिठाचे पाणी थेंबथेंब सोडावे, दुसऱ्यात गोडेतेलाचे थेंब सोडावे. मिठाचे पाणी खाली उतरून पसरते. तेल वर तरंगत राहते. पाकिटावरील ‘सुवासिक’ या शब्दाचा अर्थ एवढ्याने उलगडतो.

दुसरे प्रात्यक्षिक असे : ओल्या मातीच्या एका कुंडीत मेलेले गांडूळ पुरावे व दुसरीत प्लास्टिकच्या गांडुळाचा तुकडा. दोन महिन्यांनी दोन्ही कुंड्या उकराव्या. पहिल्या कुंडीत मातीच सापडेल. दुसऱ्या कुंडीत तुकडा तसाच मिळेल.

आपला कोणता मासा कशास लागतो?

रोहू, कटला व मृगळ हे जलाशयात सोडले जाणारे मासे शिकारी नव्हेत. त्यांच्यासाठी प्लास्टिकचे गांडूळ व्यर्थ होय. तेथे कणकेचा अगर भिजविलेल्या पेंडीचा गोळा चालतो. महसीर सर्वभक्षी आहे. कावेरीच्या काठी त्यासाठी नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा वापरण्याची रीत होती. शिंगाळा हा मिशांचा मासा वासावर व चवीवर भक्ष्य शोधतो. त्याला व तळाशी हिंडणाऱ्या वामेला जिवंत गांडूळच अधिक मानवते.

उरला मरळ. याचा स्वभाव मात्र बाससारखा आहे. तोही गवतात दबा धरून बसतो आणि बेडूक, लहान मासे, कोळंबी यांवर झडप घालतो. तेव्हा प्लास्टिकच्या गांडुळाचा काही उपयोग असेल तर तो मरळीसाठी.

गवताळ पाण्यात गळ अडकतो, ही नेहमीची अडचण. तिच्यासाठी बासच्या देशातील बांधणी उपयोगी आहे. तंगुसात प्रथम शिशाचा निमुळता मणी ओवावा व नंतर गळ बांधावा. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यातून थोडे आत घालून बाजूने काढावे, गळ फिरवून घ्यावा आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात असे खुपसावे, की ते बाहेर दिसणार नाही. आमिष सरळ राहिले पाहिजे. टोक झाकलेले असल्याने गवत त्यात गुंतत नाही. मासा चावला म्हणजे टोक मऊ अंगातून बाहेर येऊन रुतते. आमिष हळूहळू, थांबत थांबत ओढावे. हीच बांधणी केल्यास आमिष तुटून पाण्यात राहण्याचे प्रमाणही कमी होते.

तुटून पडलेल्या आमिषाचे काय होते?

या विषयातील खरा प्रश्न येथे आहे. मातीतील गांडूळ गळावरून निसटले, तर कोणता ना कोणता जीव ते खाऊन पचवितो. प्लास्टिकचे गांडूळ निसटले, तर ते कुजत नाही. तळाशी पडून राहते. मऊ, खारट व वासाचे असल्याने मासा ते गिळतो, आणि पोटात ते पचत नाही. अमेरिकेतील मेन राज्यात ट्राउट जातीच्या माशांवर केलेला एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. टाक्यांत टाकलेली मऊ प्लास्टिकची आमिषे अनेक माशांनी आपण होऊन गिळली, ती दीर्घकाळ त्यांच्या पोटात राहिली आणि त्या माशांची वाढ खुंटल्याचे आढळले. जे आमिष मासा पकडण्यासाठी केले, तेच न पकडलेल्या माशाला उपाशी ठेवते.

आंद्रेचे पाणी पुढे इंद्रायणीला मिळते, व इंद्रायणी तुळापूरला भीमेत जाते. वरच्या गावाने पाण्यात टाकलेली वस्तू खालच्या गावाच्या वाट्याला येते. म्हणून प्लास्टिकचे आमिष वापरणाराने जितकी नेली तितकी परत आणण्याचा नियम पाळावा. फाटलेले तुकडे काठावर टाकू नयेत किंवा जाळू नयेत. पीव्हीसी जाळल्यास घातक वायू निघतो. तुकडे डबीत साठवून कचरा गोळा करणाऱ्यांच्या स्वाधीन करावे.

मातीतील गांडूळ कसे घ्यावे?

ज्याला केवळ घरच्यापुरता मासा हवा, त्याला उकिरड्याशेजारील ओल्या जागेतील गांडुळे पुरेशी आहेत. त्यांना दाम पडत नाही. मात्र पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

१. खाचराचा बांध गांडुळांसाठी कधीही उकरू नये. बांध पोकळ होऊन पाणी झिरपते, व इंद्रायणी भाताचे उभे पीक ऐन गरजेच्या वेळी कोरडे पडते.

२. गांडूळखताच्या खड्ड्यातून हवी तेवढीच गांडुळे घ्यावी. खतासाठी पाळलेल्या तांबड्या गांडुळांच्या काही जाती दुखावल्यावर उग्र वासाचा पिवळसर स्राव सोडतात, त्यामुळे काही मासे त्यांना तोंड लावीत नाहीत.

३. गांडुळे ओल्या गोणपाटात, थोड्या कुजलेल्या शेणासह, सावलीत ठेवावी. उरलेली परत खड्ड्यात सोडावी, पाण्यात टाकू नयेत.

पावसाळ्यातील पथ्य

आमिष कोणतेही असो, वेळ चुकल्यास नुकसान सारखेच होते. पहिल्या जोरदार पावसात ओढ्यांतून व खाचरांतून चढणीचे मासे येतात. ते पोटात अंडी घेऊन आलेले असतात. त्या वेळी धरलेल्या एका मादीबरोबर पुढल्या वर्षीचे हजारो मासे जातात. मरळ पावसाळ्यात गवतात जागा साफ करून अंडी घालते आणि नंतर आईबाप पिलांच्या थव्याची राखण करतात. थव्याजवळ काहीही आले, तरी ते त्यावर धावून जातात. अशा वेळी प्लास्टिकचे गांडूळ थव्यावरून ओढल्यास मरळ हटकून सापडते. परंतु राखणदार गेल्यावर पिलांना इतर मासे व पक्षी खाऊन टाकतात. पाण्यावर बारीक पिलांचा गोळा दिसला, की तेथून गळ उचलावा. यात शौर्य नाही, पण शहाणपण आहे.

याच तालुक्यात लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरची अंडी उबवून पिले तयार केली जात आली आहेत. एका बाजूस एवढे श्रम घेऊन पिले वाढवावयाची व दुसऱ्या बाजूस अंड्यांचे मासे धरावयाचे, हे परस्परविरोधी होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

पावसाळ्यापूर्वी एका सभेत वर दिलेली दोन प्रात्यक्षिके दाखवावी. जलाशयातील मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो, म्हणून गळ टाकण्यापूर्वी संस्थेची परवानगी घ्यावी, हे तरुणांना समजावून द्यावे. देहूच्या डोहातील मासे लोकांनी श्रद्धेने राखले आहेत. तेथे गळ नेऊ नये. सुरुंगाची दारू किंवा विष वापरून मासे मारणे हा गुन्हा आहे, याची आठवणही द्यावी.

प्लास्टिकचे गांडूळ हे एक हत्यार आहे. गवतातील मरळीसाठी ते चालते, इतरत्र त्याचा लाभ थोडा. ते वापरावयाचेच असेल, तर मोजून न्यावे व मोजून परत आणावे. बाकी घरच्या माशासाठी उकिरड्याकाठचे गांडूळ आजही पुरेसे आहे. ते निसटले, तरी पाण्याचे देणे पाण्याला पोचते.