डब्यातला कागद आधी वाच

उमरगा, जि. धाराशिव
१४ डिसेंबर २०२५

चि. माई,

तू पाठवलेल्या स्मार्टवॉचच्या दोन्ही जाहिराती बघितल्या. एक तुझ्यासाठी, एक तुझ्या आजोबांसाठी, म्हणजे अण्णांसाठी. तुझ्या जाहिरातीत पहाटे धावणारी पोरगी आहे, अण्णांच्या जाहिरातीत दात दाखवून हसणारा म्हातारा आहे, आणि दोन्हीकडे ९,९९९ वर काट मारून १,७९९ लिहिलंय. "मामा, तुझं घड्याळाचंच दुकान आहे, कुठलं घेऊ ते सांग," असं तू विचारलंस. सांगतो, पण फोनवर टाइप करत बसलो तर निम्मं राहून जाईल, म्हणून कागद घेतला.

त्या काट मारलेल्या किमतीचं आधी उरकतो. असलं घड्याळ ९,९९९ ला विकत घेतलेलं एकही गिऱ्हाईक मी बघितलेलं नाही. ते बाजारात येतं तेच १,७९९ ला. वरचा आकडा फक्त काट मारण्यासाठी छापतात. तेव्हा "आठ हजार वाचतायत" हे डोक्यातून काढून टाक. वाचत काही नाही, १,७९९ जातायत.

आता माझ्या टेबलावरचं. आपलं दुकान सोलापूर-हैदराबाद हायवेच्या कडेला, त्यामुळे मुरूम, लोहाऱ्याची माणसं तर येतातच, पलीकडून बसवकल्याणचीही येतात. पूर्वी ऑइलिंग, सेल, काच, चावी अशी कामं असायची. हल्ली स्मार्टवॉच येतात. त्यात मी पट्टा बदलतो, चार्जिंगची पिन पुसून देतो, आणि बाकीच्यांना "नवीन घ्या" म्हणतो. बॅटरी आत डिंकानं चिकटवलेली असते, तिच्या जागी दुसरी मिळत नाही, स्क्रीन गेली तर ती टाकायचा खर्च घड्याळाच्या किमतीला जाऊन भिडतो. आयडीसी ही बाजाराची मोजदाद करणारी संस्था. तिच्या आकड्यांप्रमाणे २०२३ साली भारतात सव्वापाच कोटींच्या वर स्मार्टवॉच दुकानांत उतरली, आणि पुढच्याच वर्षी, २०२४ साली, साडेतीन कोटींच्या आसपास. तिसरा हिस्सा गळाला. माझा अंदाज असा की लोकांनी एकदा घेऊन बघितलं, सहा-आठ महिन्यांत ते टीव्हीखालच्या खणात गेलं, आणि दुसरं घ्यायला कुणी परत आलं नाही.

गिऱ्हाईक डबा घेऊन येतं तेव्हा मी घड्याळाआधी डब्यातला कागद बघतो. तो कुणी उघडलेलाच नसतो. डब्यावर ठळक अक्षरांत हृदय, ऑक्सिजन, बीपी, झोप, ताण, सगळं असतं. आतल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की हे वैद्यकीय उपकरण नाही, यातले आकडे निदानासाठी किंवा उपचारासाठी वापरू नयेत. पाण्याचंही तसंच. जाहिरातीत हिरो पोहत असतो, आणि वॉरंटी कार्डावर असतं की आत पाणी गेल्यास वॉरंटी लागू नाही. डब्यावर "आयपी ६७" असतं, म्हणजे स्वच्छ, गार पाण्यात एक मीटर खोलीवर अर्धा तास. साबण, गरम पाणी आणि आपल्या बोअरचा दाब त्या चाचणीत नसतो. रबराची रिंग कालांतरानं कडक होते हे घड्याळजीला सांगावं लागत नाही.

जाहिरात मोठ्यानं जे सांगते तेच कागद हळूच नाकारतो. तेव्हा कागदाचं खरं धर. कंपनीनं वकिलाला विचारून लिहिलेलं तेवढंच असतं.

आपल्याकडे याला कायदा नाही असं नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैत लागू झाला. त्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा तोच गुन्हा केला तर ५० लाखांपर्यंत, आणि जाहिरातीत मिरवणारा नटही त्यात धरला जाऊ शकतो. जून २०२२ मध्ये केंद्रानं नियमावली काढली. तिच्यात स्पष्ट आहे की तळटीप दाव्याच्याच भाषेत हवी, आणि वर दिशाभूल करून खाली तळटीपेनं ती दुरुस्त करता येणार नाही. तक्रारीला १९१५ हा नंबर आहे. पण १,७९९ रुपयांसाठी तक्रार करायला कोण बसतं? कंपन्यांनाही ते ठाऊक आहे.

अण्णांचं आता नीट ऐक, कारण यात गंमत नाही.

दंडाला बांधायचं बीपीचं मशीन पट्ट्यात हवा भरून रक्तवाहिनी दाबतं आणि हवा सुटताना आतले हेलकावे मोजतं. मनगटावरच्या घड्याळात दाबणारं काही नसतं. मागच्या बाजूला हिरवे दिवे आणि त्यांच्याशेजारी प्रकाश टिपणारा एक तुकडा, एवढंच. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, ठोक्याला रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश कमी होतो, त्यावरून नाडी मोजतात. बसलेल्या माणसाची नाडी त्यानं बऱ्यापैकी बरोबर येते, हे मी मान्य करतो. दाब मात्र त्या प्रकाशाच्या लाटेवरून ताडायचा असतो. सॅमसंगनं आपल्या महागड्या घड्याळात ही सोय दिली, तर दर २८ दिवसांनी दंडाच्या मशीनशी ते जुळवून घ्यावं लागतं असं स्वतःच सांगितलं. ॲपलनं २०२५ च्या सप्टेंबरात बीपीसाठी सोय आणली, तर ते घड्याळ आकडा देतच नाही. महिनाभराच्या नोंदी बघून "तुम्हाला उच्च रक्तदाब असू शकतो, तपासून घ्या" एवढंच म्हणतं. पैशाला आणि इंजिनिअरांना तोटा नसलेली कंपनी आकडा सांगायला धजत नाही, आणि १,७९९ चं घड्याळ तीस सेकंदांत ११८/७६ सांगून मोकळं होतं.

मी काय करतो, ठाऊक आहे? बाजारातून आणलेलं लांबट वांगं घेतो आणि घड्याळ त्याला बांधतो. काही घड्याळं गप्प बसतात, त्यांना मी प्रामाणिक म्हणतो. काही मात्र वांग्याची नाडी ७२ दाखवतात. एकानं तर वांग्याचा ऑक्सिजनही ९८ सांगितला. प्रकाश परत येतोय एवढंच त्याला कळतं, कशावरून येतोय ते कळत नाही, आणि "मला जमत नाही" म्हणायला त्याला कुणी शिकवलेलं नाही.

साखरेचं तर याहून वाईट. कातडीला न टोचता नुसत्या दिव्यानं साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मंजुरी दिलेली नाही, असलं काही वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं २१ फेब्रुवारी २०२४ रोजी दिला. चुकीच्या आकड्यावर कुणी इन्शुलिन जास्त घेतलं तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो. दंडावर चिकटवायचे सेन्सर असतात ते वेगळे. त्यांचा बारीक तंतू कातडीखाली जातो, आणि घड्याळ असलंच तर त्यांचा आकडा फक्त दाखवतं. तू पाठवलेल्या जाहिरातीत "विना सुई शुगर" आहे. तेवढ्या एका ओळीवरून ती कंपनी ओळख.

तुला वाटेल, नसेना का बरोबर, अण्णांना विरंगुळा होईल. माई, तुझ्या आजोबांना मी ओळखतो. सकाळी घड्याळात ११८/७६ दिसलं की ते गोळी फडताळात ठेवणार आणि कुणी फोन करून विचारलं की "घड्याळात बरोबर हाय की" म्हणणार. चुकीचं घड्याळ भिंतीवर असलं तर बस चुकते. इथं चुकीचा आकडा रोज सकाळी धीर देत बसेल, हे मला नको आहे.

आता तुझं. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. त्यातल्या ८०० साठी तुला घड्याळ हवंय. तुझ्या जाहिरातीत "जीपीएस" असं लिहिलंय, खाली बारीक अक्षरांत "कनेक्टेड". म्हणजे जीपीएस घड्याळात नाही, तुझ्या फोनात आहे. फोन खिशात घेऊन ८०० पळणार आहेस का? फोन नसला की ते घड्याळ पावलं मोजतं आणि तुझ्या उंचीवरून धरलेल्या पावलाच्या लांबीनं गुणतं. चालताना ते बरं जमतं. जीव खाऊन पळताना पाऊल लांबतं, शेवटच्या शंभरात आखूड होतं, आणि ८०० चे कधी ७३० होतात, कधी ८७०. खरं जीपीएस असलं तरी त्यात काही मीटरची चूक धरावीच लागते. रस्त्यावर दहा किलोमीटर पळणाऱ्याला ती चालते, ४०० च्या गोल मैदानावर ती बोचते.

मोजणीच्या टेपनं आखलेलं मैदान आणि दोन-तीनशे रुपयांचं स्टॉपवॉच, याहून अचूक काही नाही. ८०० मीटर तीन मिनिटांत आणायचं म्हणजे ४०० च्या फेरीला ९० सेकंद, २०० ला ४५. मैत्रिणीला २०० च्या खुणेवर उभी कर आणि ओरडून आकडा सांगायला लाव. कुठल्या टप्प्यात तू ढिली पडतेस ते वहीत लिही. मला वाटतं, पहिल्या दोनशेत तू फार जोर लावतेस. मागे गावाकडे आलीस तेव्हा तसंच दिसलं. आणि लेखी परीक्षेच्या केंद्रावर स्मार्टवॉच दारातच काढून ठेवावं लागतं, हेही ध्यानात ठेव.

पावलं आणि कॅलरीचं फार मनावर घेऊ नकोस. दहा हजार पावलांचा आकडा रुळला तो एका वस्तूच्या नावातून. टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५ साली एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच तो आकडा होता. २०१९ साली म्हाताऱ्या बायकांवर झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत दिवसाला ४,४०० पावलांपासूनच फायदा दिसू लागला आणि ७,५०० च्या आसपास तो थांबला. शिवाय घड्याळ हाताची हालचाल बघतं. तुझ्या मामीनं एकदा माझं घालून भाकरी थापल्या तर ती घराबाहेर न पडता बरीच चालून आली. कॅलरीबद्दल स्टॅनफर्डच्या लोकांनी २०१७ मध्ये सात घड्याळं तपासली. नाडी बहुतेकांची ठीक निघाली, पण जळलेल्या कॅलरीत सगळ्यात बऱ्या घड्याळाचीही चूक सरासरी २७ टक्के होती, सगळ्यात वाईटाची ९३.

पिट्सबर्गच्या एका अभ्यासाबद्दल मी गिऱ्हाइकांना आवर्जून सांगतो. वजन कमी करू पाहणारे ४७१ तरुण, दोन वर्षं. सगळ्यांना सल्ला आणि आहार सारखाच, पण निम्म्यांना अंगावर बांधायचं यंत्रही दिलं. २०१६ मध्ये निकाल आला. यंत्रवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलोनं उतरलं, बिनयंत्रवाल्यांचं जवळजवळ सहा किलोनं. हे ऐकूनही गिऱ्हाईक घड्याळ घेतंच, ती गोष्ट वेगळी.

तरी मी या वस्तूचा वैरी नाही. मनगटावर थरथरणारा गजर ही खरी सोय आहे. पहाटे साडेचारला खोलीतल्या बाकीच्या पोरी न उठवता तू उठशील. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी तर ती फार मोलाची. गाडीवर असताना कुणाचा फोन आला ते कळतं. रोज सकाळी अंथरुणातच नाडी बघितलीस आणि ती आठवडाभर नेहमीपेक्षा चढी राहिली, तर थकवा साठलाय असं समज आणि एक दिवस विश्रांती घे. महागड्या घड्याळांनी त्याहून मोठं कामही केलंय. ॲपलच्या घड्याळावर स्टॅनफर्डनं ४,१९,२९७ लोकांचा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये छापून आला. हजारात पाच जणांना नाडी अनियमित असल्याची सूचना गेली. त्यांतल्या ज्यांनी नंतर छातीवर पट्टी लावून तपासून घेतलं, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांमध्ये हृदयाचा तो दोष तेव्हाही सापडला. घड्याळानं दार वाजवलं, निदान डॉक्टरांनी केलं. एवढ्या कामाची घड्याळं आहेत, पण त्यांची किंमत आणि १,७९९ यांत फार अंतर आहे.

आणि हौस असेल तर हौस म्हणून घे. एचएमटीनं १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली, आणि आपल्याकडे जावयाला घड्याळ द्यायचे. त्यांतल्या कितीकांना कुठं वेळेवर पोचायचं होतं? मनगट दिसावं म्हणूनच घालायचे. तुझ्या हातावर ते गुलाबी पट्ट्याचं छान दिसेल, आणि एवढं कारण पुरेसं आहे. फक्त छान दिसण्याचे पैसे दे, आरोग्याचे देऊ नकोस. भरती झाली की माझ्याकडून एक.

अण्णांसाठी त्याच पैशात दंडाचं बीपी मशीन येतं. लातूरला सर्जिकलच्या दुकानात बघ. मनगटाचं देऊ लागले तर घेऊ नकोस. आणलंस की मी ते इथल्या उपजिल्हा रुग्णालयात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून घेईन. मोजायच्या आधी त्यांना पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसवायचं आणि हात छातीच्या पातळीत ठेवायचा, ते माझ्याकडे लागलं. गप्प बसवणंच अवघड आहे. त्यांच्या दंडाचा घेर काल टेपनं घेतला, ३४ सेंटिमीटर भरला. डब्यात येणारा साधा पट्टा बहुधा २२ ते ३२ चा असतो, आणि पट्टा लहान पडला की बीपी उगाच जास्त दाखवतं. तेव्हा मोठा पट्टा माग, वेगळे पैसे पडले तर मी देतो. पावती ठेव.

तुझा,
मामा