घरचा कोंड्याचा पाव

आठवड्याचा बाजार भरला, की पाववाल्याच्या गाडीभोवती मुले गोळा होतात. आईकडे हट्ट धरतात. आई पाव घेऊन देते. मुले तो चहात बुडवून खातात. पाव पांढरा असतो, मऊ असतो. मुलांना तो आवडतो.

आता घरी काय चालते ते पाहू. आपण गिरणीतून गहू दळून आणतो. पीठ बारीक चाळणीने चाळतो. चाळणीत राहिलेला कोंडा म्हशीपुढे टाकतो. म्हणजे झाले काय? गव्हाचा कोंडा गेला म्हशीच्या पोटात, आणि पोराच्या पोटात गेला मैदा. यात शहाणे कोण ठरले? म्हैस!

कोंड्यासकट पिठाचाही पाव होतो. तो घरी करता येतो. त्याला भट्टी लागत नाही, यंत्र लागत नाही. कणीक, आंबट ताक, मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा, एवढे पुरे. तो पाव कसा करायचा, ते या पाठात वाचू.

दाण्यात काय असते?

गव्हाचा एक दाणा हातात घ्या. त्याचे तीन भाग असतात. वरची साल, म्हणजे कोंडा. आतला पांढरा भाग, म्हणजे मैद्याचा भाग. आणि एका टोकाला बारीकसा अंकूर. पेरल्यावर कोंब फुटतो तो तिथूनच.

मैदा करताना साल आणि अंकूर काढून टाकतात. पांढरा भाग तेवढा उरतो. पण लोह, जीवनसत्त्वे आणि पोट साफ ठेवणारा चोथा यांचा मोठा वाटा साल व अंकूर यांतच असतो. अंकुरात थोडे तेलही असते. म्हणून कोंड्यासकट पीठ फार दिवस ठेवले, तर खवट होते. मैदा तसा लवकर खवट होत नाही, म्हणून दुकानदाराला तो सोयीचा. पण दुकानदाराची सोय आणि आपले पोट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आपली ज्वारीची भाकरी या बाबतीत चांगली आहे. ज्वारी सालीसकट दळली जाते व सालीसकटच पोटात जाते. तेव्हा पाव आला म्हणून भाकरी सोडायची नाही. बाजारच्या पांढऱ्या पावाच्या जागी घरचा पाव आणायचा, एवढेच.

पाव फुगतो कसा?

एका पेल्यात थोडे आंबट ताक घ्या. त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. लगेच फसफस होते. बुडबुडे वर येतात. ताकात आंबट द्रव्य असते. त्याला लॅक्टिक आम्ल म्हणतात. आम्ल आणि सोडा एकत्र आले, की एक वायू तयार होतो. त्याचे नाव कार्बन डायऑक्साइड. सोडावॉटरच्या बाटलीत बुडबुडे येतात ते याच वायूचे.

कणकेत हे घडले, की वायू कणकेत अडकतो. कणकेला जागोजाग पोकळ्या पडतात. आच लागली, की त्या पोकळ्या फुगतात व कणीक तशीच शिजून घट्ट होते. झाला पाव!

बाजारचा पाव यीस्ट घालून फुगवतात. यीस्ट म्हणजे खमीर. त्याला तासन् तास लागतात. गोव्यात कोंडा लावलेली पोळी भट्टीत भाजतात. तिला पोई म्हणतात. पूर्वी तिचे पीठ ताडामाडाच्या सुरेने आंबवीत. आपल्या पावाला ना यीस्ट लागते, ना सूर. ताक आणि सोडा हे काम काही क्षणांत करतात.

आमचा पहिला पाव फसला

भोकरदन तालुक्यातील एका गावात आम्ही दोघी साक्षरतेचा वर्ग घेत होतो. एका संध्याकाळी आम्ही वर्गात पाव करून दाखवायचे ठरवले. मोठ्या डौलाने परात पुढे घेतली. चपातीला तिंबतात तशी कणीक चांगली तिंबली. मग ओला फडका टाकून तासभर मुरत ठेवली. नंतर भाजली. निघाला काय? वीट! सुरीने कापेना. बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. आम्हालाही हसू आले.

कोपऱ्यात एक आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, ताक कव्हाचं हाय?"

"सकाळचंच, आजी. अगदी ताजं आहे."

"तितंच चुकलं बगा. ताज्या ताकाला आंबट कुठनं येणार? कालचं ताक पायजे. आन् सोडा घातल्यावर तासभर कशाला थांबला? भज्याच्या पिठात सोडा घातला, की आमी लगीच कढईत सोडतो. थांबलं तर त्याचा जोर जातो."

आजींना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण सोड्याचा गुण ठाऊक होता. ताक आंबट नव्हते, म्हणून वायू थोडाच झाला. जो झाला, तो तासाभरात निघून गेला. आणि कणीक फार तिंबली, म्हणून ती चिवट झाली. तीन चुका, एक वीट!

आठ दिवसांनी पुन्हा घाट घातला. या वेळी ताक दोन दिवसांचे होते. सोडा संपला होता. एका मुलाला दुकानात पिटाळले. तो पांढऱ्या भुकटीची पुडी घेऊन आला. आम्ही बोलण्यात होतो. पुडी एका मावशींच्या हातात गेली. मावशी चार महिन्यांपूर्वी अक्षर शिकायला लागल्या होत्या. त्यांनी पुडीवरची चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली व एकेक अक्षर जुळवले. "धु... ण्या... चा... सोडा." मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "अवं ताई, ह्यो धुण्याचा सोडा हाय!"

वर्ग गप्प झाला. दोन्ही सोडे पांढरे. दोन्ही भुकटीसारखे. पण धुण्याचा सोडा पोटात गेला, तर तोंड, घसा व पोट यांना इजा होते. त्या दिवशी वर्गात वीस मुले पाव खायला बसली होती. मावशींना वाचता आले नसते तर? तो विचार आजही आमच्या मनातून जात नाही.

म्हणून पक्के ध्यानात ठेवा. पाकिटावर 'खाण्याचा सोडा' असे वाचल्याशिवाय तो अन्नात घालू नये. चिठ्ठी नसलेली सुटी पुडी घेऊ नये. घरात दोन्ही सोडे कधी एका फळीवर ठेवू नयेत.

साहित्य

कोंड्यासकट गव्हाचे पीठ : अर्धा किलो
खाण्याचा सोडा : चहाचा एक चमचा, सपाट
मीठ : चहाचा एक चमचा, सपाट
आंबट, दाटसर ताक : पाणी प्यायचे दोन पेले, म्हणजे सुमारे ४०० मिलिलिटर

ताक नसेल, तर दोन पेले दुधात दोन लिंबे पिळा व दहा मिनिटे थांबा. दूध फाटल्यासारखे होईल. ते चालते. आपल्या जालना जिल्ह्यात मोसंबी पुष्कळ, पण मोसंबीचा रस गोड. येथे तो उपयोगाचा नाही. लिंबूच हवे.

कृती

१. आधी चूल पेटवा. बिडाची किंवा जाड लोखंडाची खोल कढई घ्या. तळाशी दोन बोटे कोरडी, स्वच्छ वाळू घाला. वाळूत तीन लहान दगड किंवा लोखंडी कडे ठेवा. वर जाड झाकण ठेवून कढई दहा-पंधरा मिनिटे तापू द्या. जर्मनचे पातेले घेऊ नका. ते कोरडेच फार तापवणे बरे नाही.

२. परातीत पीठ, मीठ व सोडा घाला. सोड्याची गुठळी राहू देऊ नका. गुठळी राहिली, तर तेथे कडू लागते. कोरडे असतानाच सगळे हाताने नीट मिसळा.

३. मध्ये खळगा करा. त्यात बहुतेक ताक ओता. बोटे पसरून हलक्या हाताने कालवा. पीठ कोरडे वाटले, तर उरलेले ताक घाला. कणीक चपातीच्या कणकेपेक्षा सैल व चिकट असावी. तिंबू नका. पीठ एकत्र आले, की थांबा.

४. हाताला पीठ लावून गोळा करा. तो दोन-अडीच इंच जाड असा थापा. पीठ भुरभुरलेल्या लोखंडी ताटलीवर ठेवा. सुरीने वर अधिक चिन्हासारखी खोल चीर द्या. चिरेतून आच आतपर्यंत जाते. मधला भाग कच्चा राहत नाही.

५. लगेच ताटली कढईतल्या दगडांवर ठेवा. झाकण घाला. झाकणावर निखारे पसरा. खाली आच मध्यम ठेवा. वरून आणि खालून, दोन्हीकडून आच लागली पाहिजे. झाकण काढताना सांडशी वापरा. लहान मुलांना दूर बसवा.

६. पाऊण तासाने पाहा. पाव तांबूस दिसेल. सांडशीने व कोरड्या फडक्याने तो उलटा करा आणि तळावर बोटाने टकटक करा. पोकळ आवाज आला, तर पाव झाला. बद्द आवाज आला, तर आणखी दहा मिनिटे ठेवा.

७. पाव कापडात गुंडाळून निवू द्या. अर्ध्या तासाने कापा. गरम असताना कापला, तर आत चिकट लागतो.

गॅसवरही हा पाव होतो. आच मंद ठेवायची. वर निखारे नसतात, म्हणून शेवटी पाव उलटा करून दुसरी बाजू दहा मिनिटे भाजायची. ज्यांच्याकडे विजेची भट्टी आहे, त्यांनी २०० अंश सेल्सिअसवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे भाजावा.

कणकेत मूठभर ज्वारीचे पीठ घातले तरी चालते. फार घालू नका. गव्हात जो चिकटपणा असतो, तो ज्वारीत नसतो. ज्वारी जास्त झाली, तर पाव भुगा होतो. तीळ किंवा थोडा गूळ घातला, तर मुले आवडीने खातात.

सोडा किती?

काही जण म्हणतात, "चमच्यानं एवढा फुगतो, तर दोन चमचे घालू." तसे करू नये. ताकाला जेवढा सोडा लागतो, तेवढाच वायू होतो. उरलेला सोडा पावात तसाच राहतो. मग पाव पिवळट दिसतो. त्याला साबणासारखी चव येते. शिवाय जास्तीच्या सोड्याने धान्यातील ब-१ जीवनसत्त्व नाश पावते. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकतात, तेव्हाही हेच होते. ज्यांना रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी सोडा व मीठ यांविषयी डॉक्टरांना विचारावे.

हा पाव एक-दोन दिवसच चांगला राहतो. दुसऱ्या दिवशी तव्यावर भाजून घ्यावा. बुरशी दिसली, तर तेवढाच भाग काढून खाऊ नये. सगळा टाकावा.

हा पाव परका नाही

हा पाव मूळचा आयर्लंडचा. आयर्लंड हे युरोपातले लहानसे बेट आहे. तिकडे १८३० नंतरच्या काळात खाण्याचा सोडा घरोघर पोचू लागला. तिथल्या गव्हात चिकटपणा कमी. यीस्टने तो नीट फुगत नसे. घरात ताक मात्र भरपूर. मग तिथल्या शेतकरी बायकांनी ताक व सोडा यांचा पाव केला. त्यांच्याकडेही भट्ट्या थोड्याच. त्या लोखंडी भांड्यात पाव ठेवीत, भांडे विस्तवावर ठेवीत व झाकणावर निखारे पसरीत.

हे ऐकून वर्गातल्या आजी म्हणाल्या, "मग हे तर आपल्या रोडग्यावानीच झालं की!"

खरेच आहे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात. आच कशी धरावी, निखारे केव्हा सारावेत, हे आपल्या बायांना कोणी शिकवायला नको. आपल्याला नवे आहे ते एवढेच, की ताक आणि सोडा यांची गाठ घालायची.

दुकानातला तपकिरी पाव

आता दुकानात तपकिरी पावही मिळतो. लोकांना वाटते, तपकिरी म्हणजे कोंड्याचा. तसे नेहमी नसते. कधी कधी तो मैद्याचाच असतो. साखर जाळून केलेला रंग घालून तो तपकिरी दिसतो.

मग ओळखायचे कसे? पाकीट वाचून. पाकिटावर आतल्या जिनसांची यादी छापलेली असते. जो जिन्नस वजनाने सर्वांत जास्त, त्याचे नाव पहिले, असा नियम आहे. पहिले नाव मैद्याचे असेल, तर तो मैद्याचा पाव. मग रंग कोणताही असो. यादी बहुधा इंग्रजीत असते. तेव्हा शाळेतल्या मुलाकडून ती वाचून घ्यावी. शेवटची तारीखही पाहावी.

रंगाला भुलू नये, अक्षर वाचावे. मावशींनी पुडी वाचली, म्हणून वीस मुलांवरचे संकट टळले. दुसऱ्या खेपेचा आमचा पाव छान फुगला. मुलांनी तो गुळाबरोबर खाल्ला. पहिला तुकडा आम्ही मावशींच्या हातावर ठेवला. त्यांनी तो घरी नातवासाठी पदरात बांधून नेला.

वाचा आणि सांगा

१. गव्हाच्या दाण्याचे तीन भाग कोणते?
२. ताक आंबट का हवे?
३. पहिला पाव कोणत्या तीन चुकांमुळे फसला?
४. खाण्याचा सोडा व धुण्याचा सोडा कसा ओळखाल?
५. तुमच्या घरी कोंड्याचे काय करतात?

करून पाहा

घरातील एक पाकीट वर्गात आणा. त्यावरचे पहिल्या जिनसाचे नाव व शेवटची तारीख सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा.