खेड्यातील नवे रहिवासी आणि घरजागांचे वाढते मोल

अलिबाग तालुक्यातील मांडवा बंदर सागरी मार्गाने मुंबईपासून सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. लाँचची वाहतूक तेथे पूर्वीपासून होतीच. मार्च २०२० मध्ये मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचेही उद्घाटन झाले. शहर असे जवळ आले की शहरवासी गावात घर शोधू लागतो. त्यात गैर काही नाही; गवंड्या-सुताराला त्यामुळे कामही मिळते.

परंतु गावात विक्रीस येणारी घरे मुळात थोडी. दोन-चार व्यवहार शहरी मिळकतीच्या हिशेबाने झाले की तोच गावचा भाव ठरतो. मच्छीमार, शेतमजूर किंवा बदलून आलेला शिक्षक यांच्या उत्पन्नाशी त्याचा मेळ राहत नाही. शिवाय, केवळ शनिवार-रविवारी उघडणारे घर भाड्यानेही मिळत नाही.

१९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ अन्वये, शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. हे संरक्षण मोलाचे आहे. तथापि, त्यामुळे मागणीचा भार बिगरशेती भूखंडांवर आणि गावठाणातील जुन्या घरांवर येतो. गावकऱ्याच्या धाकट्या मुलाला वेगळा संसार थाटण्यासाठी नेमक्या याच जागा हव्या असतात!

जमीनमालकास लाभ होतो, पण तो एकदाच. ज्याला घर विकायचेच नाही, त्यालाही झळ पोहोचू शकते. कारण २०१५ च्या नियमसुधारणेपासून ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारली जाते आणि जमिनीचा दर वार्षिक मूल्यदर तक्त्यातून घेतला जातो. भूमिहीनाची अडचण याहून बिकट होय. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतील साहाय्य प्रारंभी ५० हजार रुपये होते, पुढे ते १ लाख झाले. शासकीय साहाय्य टप्प्याटप्प्याने वाढते. बाजारभाव मात्र थांबत नाही.

गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीचा निवासी वापर जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मुळे सुलभ झाला आहे. ही वाट स्थानिकांना खुली आहे, तशीच विकासकांनाही. म्हणून घराची गरज असलेल्या कुटुंबांची यादी ग्रामसभेपुढे ठेवून गावठाण विस्ताराचा प्रस्ताव वेळीच पाठविणे इष्ट ठरते. लगतच्या जमिनी चढ्या दराने विकल्या गेल्यानंतर भूसंपादनाचा मोबदलाही त्याच दरांच्या आधारे द्यावा लागतो.