सांधा कुठे पडतो ते बघ

मिरज, रविवार

चि. मुक्ता,

तू पाठवलेले दोन्ही फोटो पाहिले. एकात कमरेच्या वर येणारे दोन टॉवर स्पीकर, दुसऱ्यात मुठीएवढे दोन सॅटेलाइट स्पीकर आणि सोफ्यामागे दडवायचा सबवूफर. खाली तुझा प्रश्न, 'मामा, यातलं कुठलं?' मी उलट हॉलचं माप मागितलं तर तुला वाटलं, म्हाताऱ्याने विषय बदलला. विषय तोच आहे. दहा बाय पंधराचा हॉल, छत साडेनऊ फूट, आता उत्तर देता येईल.

आधी माझी फजिती ऐक. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी बोनस आणि मामीची भिशी एकत्र करून मी मोठे टॉवर आणले आणि ब्राह्मणपुरीतल्या आमच्या जुन्या खोलीत दोन कोपऱ्यांत भिंतीला टेकवून उभे केले. खोली दहा बाय दहा, उंचीही दहाच फूट. डग्गा असो, ढोलक असो, नाहीतर सिनेमातली बेस गिटार, खालचा सूर आला की खोली घुमायची आणि फळीवरच्या पितळी डब्याचं झाकण थरथरायचं. आठवडाभर ऐकून मामी म्हणाली, "गाणं कुणाचंही लावा, आपल्या घरात वाजतं एकच."

तिचं बरोबर होतं. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट अंतर असेल, तर 56 हर्ट्झच्या आसपासचा सूर त्यांच्यात अडकतो आणि फुगतो. आमच्या खोलीत लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी, म्हणजे तिघींनी मिळून एकाच सुराला डोक्यावर घेतलेलं. त्यात स्पीकर कोपऱ्यात, जिथे असा सूर सगळ्यात जास्त भडकतो. स्पीकर उत्तम होते. मी स्पीकर घेतले, पण ते वाजणार कुठे याचा विचारच केला नव्हता.

आता टॉवर एवढा मोठा का, ते बघ. सूर एक सप्तक खाली न्यायचा आणि जोर तेवढाच ठेवायचा, तर वूफरला चौपट हवा हलवावी लागते. त्याला मोठा पडदा लागतो, पडद्यामागे मोठं पोट लागतं. आपल्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हे कुणाला सांगावं लागत नाही. मर्दानी तंबोऱ्याचा भोपळा मोठा, जनानीचा लहान. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी 1954 मध्ये पेटी हवाबंद करून आतल्या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं आणि लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. पण ते फुकट झालं नाही. अशा पेटीला ॲम्प्लिफायरची ताकद जास्त लागते. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, यातल्या दोनच गोष्टी मिळतात, तिसरी सोडावी लागते. सबवूफरच्या पोटात स्वतःचा ॲम्प असतो तो त्याचसाठी.

म्हणून 'टॉवर जुने झाले' म्हणणाऱ्यावरही विश्वास ठेवू नकोस आणि 'खऱ्या दर्दीला टॉवरच हवेत' म्हणणाऱ्यावरही. टॉवरचा गुण असा की खालचे सूर काढणारा वूफर आणि वरचे काढणारा ट्विटर यांचा मेळ कारखान्यातच घातलेला असतो. तारा जोडल्या की झालं. अवगुण असा की सगळे सूर एकाच जागेतून निघतात. गवई समोर बसल्यासारखा वाटायचा तर स्पीकर एका ठराविक जागी हवेत, तुझ्यापासून सारख्या अंतरावर आणि भिंतीपासून सुटे. खर्ज मात्र खोलीत दुसऱ्याच कुठल्यातरी जागेवरून सपाट ऐकू येतो. टॉवर घेतला की या दोन जागा एकमेकींना बांधल्या गेल्या.

सबवूफर ही गाठ सोडवतो. 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही, म्हणून तो डबा खोलीत जिथे बरा वाजेल तिथे ठेवता येतो. पण मग मेळ घालायचं काम कारखान्याकडून तुझ्याकडे येतं. वरचं सॅटेलाइटने म्हणायचं, खालचं सबने. मध्ये सांधा. सगळी मेख त्या सांध्यात आहे.

तुझ्या फोटोतले सॅटेलाइट तीन इंची आहेत. एवढासा पडदा 150 हर्ट्झच्या खाली फारसं काही म्हणत नाही, म्हणून सांधा तिथे किंवा त्याच्याही वर नेतात. आता काळी एकमध्ये गाणारा गवई घे. त्याचा षड्ज सुमारे 139 हर्ट्झ, तंबोऱ्यातली खर्जाची पितळी तार त्याच्या निम्मी, 69. गवयाचा पंचम 208. म्हणजे पंचम आणि वरचा सगळा झणकार टीव्हीशेजारून येणार आणि षड्जाचा पाया सोफ्यामागून. गवयाचं मुंडकं समोर आणि धड पाठीमागे. तेही अशा उंचीवर की आवाज कुठून आला हे कानाला कळतं. दुकानात हे लक्षात येत नाही, कारण तिथे स्फोटांचा सिनेमा लावून दाखवतात. तू स्फोट ऐकणार नाहीस, ख्याल ऐकणार आहेस.

तेव्हा माझा सल्ला फोटोंच्या बाहेरचा आहे. साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर घे आणि भक्कम स्टँडवर, ट्विटर तुझ्या कानाच्या पातळीवर येईल असे ठेव. जागा टॉवरएवढीच जाईल, त्या बाबतीत फसवत नाही. पण काळी एकचा खर्ज, षड्ज, डग्गा हे सगळं एकाच पेटीतून येईल. मागे दीडेक फूट जागा सोड. तुझा सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला दिसतो, तोही थोडा पुढे ओढ. भिंतीलगत खर्ज फुगतो.

सहा महिने असंच ऐक. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या तू ऐकतेस. त्यांत 60 हर्ट्झच्या खाली गाणं नाहीच, खरखर आणि मोटरची घरघर आहे. त्यासाठी सब आणणं म्हणजे घरघर मोठी करून ऐकणं. पण पखवाजाची नवी रेकॉर्डिंग ऐकताना, सिनेमा पाहताना खाली काही तरी उणं आहे असं परत परत वाटलं, तर मग एक हवाबंद पेटीचा सब आण.

तो बसवायची रीत सांगतो, लोक हसतील पण कर. सब उचलून तू बसतेस तिथे, सोफ्यावरच ठेव. खर्जातलं काही तरी लाव आणि भिंतींच्या कडेने रांगत जा, कान जमिनीजवळ ठेवून. कुठे घुमेल, कुठे खर्ज अगदी नाहीसा होईल. जिथे प्रत्येक सूर सारखा वाटेल, ती सबची जागा. मग मागचा क्रॉसओव्हरचा, म्हणजे सांध्याचा, नॉब 60 ते 80 च्या दरम्यान ठेव, म्हणजे बुकशेल्फचा दम जिथे संपतो तिथून सब धरेल. फेजचा खटका एकदा शून्यावर, एकदा 180 वर करून बघ. ज्यात डग्गा भरीव वाटेल ते बरोबर. आवाजाचा नॉब शेवटी, आणि हात आखडता. सब चालू असताना तो कुठे आहे हे कळता कामा नये, बंद केला की मात्र काही तरी गेलं असं वाटलं पाहिजे.

आणि खालच्या मजल्यावर माणसं राहतात हे विसरू नकोस. वरचे सूर पडदे आणि गाद्या अडवतात, खर्ज स्लॅबमधून सरळ खाली उतरतो. सबखाली जाड रबरी मॅट घाल. रात्री दहानंतर तो बंद.

पुढे कधी मोठं घर झालं, टॉवरच्या मागे दोन-तीन फूट मोकळे सुटतील असा हॉल मिळाला, तर खुशाल टॉवर घे. मीच येईन निवडायला. आणि आत्ता जे घेशील त्याची परीक्षा मामीच्या पद्धतीने घे. तीन वेगळ्या माणसांची गाणी लाव, एक पखवाज, एक तंबोऱ्यासह ख्याल, एक सिनेमाचं. तिन्हींचा खर्ज वेगवेगळा ऐकू आला तर तू जिंकलीस. तिन्हींत एकच वाजत असेल, तर काही नवं विकत घेऊ नकोस. आधी स्पीकर हलव.

पुण्याला येताना पितळी डबा घेऊन येतो. झाकण अजून सैलच आहे.

तुझा,
मामा