नवा लॅपटॉप घेण्याआधी जुन्याचं दुखणं ओळख

अगं, कॉम्प्युटर सारखा हँग होतो म्हणून तू नवा लॅपटॉप हप्त्यावर घ्यायला निघालीस असं कळलं, म्हणून हे मुद्दाम सांगते. घेऊच नको असं माझं म्हणणं नाही. पण वर्षभराचा ईएमआय डोक्यावर घेण्याआधी जुन्या मशीनला नेमकं काय झालंय ते तुझं तुला कळायला हवं. पैसे तुझे जाणार आहेत, म्हणून निदानही तुझ्याच हातात असू दे.

आपल्या मीरा-भाईंदरमध्ये शांतीनगरपासून इंद्रलोकपर्यंत कितीतरी घरांत जेवणाच्या टेबलाच्या एका कडेला असा एक कॉम्प्युटर चालतो. कुणी टॅलीत एंट्र्या मारते, कुणी ऑनलाइन शिकवणी घेते, कुणी लग्नाचे अल्बम बनवते. त्या मशीनवर घरखर्चाचा मोठा वाटा उभा असतो. ते बंद पडलं की बाई घाबरते, आणि घाबरलेल्या गिऱ्हाइकाला सगळ्यात महाग गोष्ट सहज विकता येते. म्हणून घाबरायचं नाही, मोजायचं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सचं पान आहे. मशीन रखडत असेल अगदी तेव्हाच ते बघायचं, सकाळी सगळं निवांत असताना नाही. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटून बसली असेल आणि तिच्यापुढे एचडीडी लिहिलेलं असेल, तर दुखणं बहुतेक डिस्कचं. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम अपुरी पडतेय. दोन्ही भरलेल्या दिसल्या तर रॅममध्ये न मावलेली माहिती विंडोज डिस्कवर ढकलतंय, आणि त्यामुळे डिस्कही धापा टाकतेय. सीपीयू सतत वर असेल तर प्रोसेसच्या यादीत बघ की कोण खातंय. पुष्कळदा अँटीव्हायरसचं स्कॅनिंग किंवा ब्राउझरमधलं एखादं फुकटचं एक्स्टेंशन निघतं, आणि ते काढायला एक रुपयाही लागत नाही.

हे सगळं शांत दिसतंय आणि तरी साईट उघडत नाही? मग त्याच वायफायवर मोबाईलमध्ये ती साईट उघडून बघ. दर महिन्याच्या २० तारखेच्या आसपास जीएसटीचं पोर्टल जड झालं तर तो तुझ्या कॉम्प्युटरचा दोष नाही. त्यावर कुठलाही पार्ट विकत घेऊन उपाय होत नाही.

आता डिस्कचं सांगते, कारण जुन्या लॅपटॉपचं खरं दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये, म्हणजे एचडीडीत, चकती फिरते, लॅपटॉपमध्ये साधारण मिनिटाला ५,४०० फेऱ्या, आणि तिच्यावरून एक हेड पुढेमागे सरकत माहिती शोधतं. प्रत्येक शोधाला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण विंडोज चालू होताना हजारो बारीक फाइली वाचायच्या असतात. तिच्या जागी बसणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतंच. तोच शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात किंवा त्याहून लवकर होतो. सलग वाचनातही हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या वर जाते. त्यामुळे लॅपटॉप तोच, प्रोसेसर तोच, पण चालू व्हायला लागणारी मिनिटं सेकंदांवर येतात. टास्क मॅनेजरमध्ये एचडीडी दिसली तर पहिला रुपया एसएसडीवरच घाल.

त्यातला एक बारकावा ध्यानात ठेव. एसएसडीचे प्रकार आहेत: अडीच इंची साटा, आणि च्युइंगगमच्या कांडीएवढी एम.२. एम.२ मध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन. काही लॅपटॉपच्या खाचेत यातला एकच चालतो. म्हणून मशीनचा पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या साईटवर टाकून काय चालतं ते आधी बघ. एनव्हीएमई कागदावर कितीतरी पट वेगवान असते, पण पत्रं, टॅली, ब्राउझर अशा रोजच्या कामात साटा एसएसडीच्या तुलनेत फारसा फरक जाणवत नाही. तेवढ्यासाठी मदरबोर्ड बदलायला कुणी सांगितलं तर नाही म्हण.

दुसरं दुखणं रॅमचं. परफॉर्मन्सच्या पानावर मेमरीवर क्लिक केलंस की किती स्लॉट आहेत आणि किती वापरात आहेत ते दिसतं. एक मोकळा असेल तर उत्तम. जमेल तेव्हा दोन सारख्या स्टिका लाव, म्हणजे त्या ड्युअल चॅनेलमध्ये चालतात. पण डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही, डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ बसत नाही. काप वेगळ्या जागी असतो, जोर लावलास तर खाच मोडेल. पातळ लॅपटॉपमध्ये पुष्कळदा रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती वाढवता येत नाही. आणि खूप जुन्या मशीनवर ३२ बिटचं विंडोज असेल तर आठ जीबी घालूनही ते चार जीबीच्या पुढे जात नाही. आधी ६४ बिट टाकावं लागतं.

किती हवी? हिशेब, शिकवणी, सरकारी फॉर्म यांना आठ जीबी. फोटोशॉप, व्हिडिओ एडिटिंग किंवा मुलाचं इंजिनिअरिंग असेल तर सोळा. त्याहून जास्त कुणी गळ्यात मारत असेल तर थांब. २०२५ च्या अखेरीपासून रॅम खूप महागली आहे, कारण मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळवलाय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल या नावाने किरकोळ ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत ‘पुढे कधीतरी लागेल’ म्हणून रॅम भरून ठेवण्यात अर्थ नाही.

पैसे घालण्याआधी मशीनचं वयही बघ. विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून सुरक्षा अपडेट घेण्याची जी सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतो, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. ओळखायला सोपं आहे: आय५-८२५०यू यात डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी, आय५-७२००यू म्हणजे सातवी. डेस्कटॉपमध्ये टीपीएम असूनही पुष्कळदा बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. तो चालू करून मिळतो, त्यासाठी नवा बोर्ड लागत नाही. आठवी किंवा पुढची पिढी असेल तर एसएसडी, रॅम दोन्हीवर बिनधास्त खर्च कर, अजून कितीतरी वर्षं मशीन साथ देईल. त्याहून जुनं असेल तर फक्त एसएसडी घाल, आणि टॅलीसारखी विंडोजवरचीच कामं नसतील तर लिनक्स मिंट टाक. ते फुकट आहे, मराठी युनिकोड त्यावर व्यवस्थित टाइप होतं, आणि ती एसएसडी पुढच्या मशीनलाही लावता येते.

आपल्या गावाच्या हवेचाही विचार कर. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरं. ही दमट, खारी हवा रॅमच्या पट्टीवर आणि पंख्यात बसते. त्यात कन्स्ट्रक्शनची धूळ. पंखा धुळीने गच्च झाला की प्रोसेसर तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालतो. दुपारी मशीन रखडतं आणि एसीत बरं चालतं, असं असेल तर आधी सफाई करून नवी थर्मल पेस्ट लावून घे. पार्ट बदलण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. पावसाळ्यात खिडकीजवळ मशीन ठेवू नको. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर त्याच क्षणी वापर बंद. तिथे काटकसर करायची नाही.

खरेदीला गल्लीतलं दुकान चांगलं की मुंबईतला लॅमिंग्टन रोडचा बाजार? दोन्हीकडचा भाव विचार. लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला. विरार फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही, मुंबई सेंट्रलला उतर आणि चालत जा. पण तिथे वाचलेले पैसे आणि बिघाड झाल्यावर पुन्हा मारावी लागणारी खेप, दोन्ही एकत्र धर. कुठेही घेतलंस तरी पक्कं बिल घे, त्यावर सिरीयल नंबर लिहून घे, आणि कंपनीच्या साईटवर तो टाकून वॉरंटी तिथेच तपास. ‘बिल नको तर कमी लावतो’ म्हणणाऱ्याकडून एसएसडी घेऊ नको. खोट्या क्षमतेचा मालही बाजारात फिरतो, आणि डेटा गेल्यावर वाचलेला जीएसटी परत उपयोगी पडत नाही.

आता सगळ्यात जवळचं सांगते, हे नीट ऐक. त्या डिस्कमध्ये तुझे फोटो आहेत, बँकेचे पासवर्ड ब्राउझरने लक्षात ठेवलेत, गिऱ्हाइकांचे पॅन आणि आधार आहेत. मशीन दुकानात ठेवून यायचं नाही. स्टीकर लावून ‘उद्या या’ म्हणतील. सांग, मी इथेच बसते. एसएसडी बदलणं तासा-दोन तासांचं काम आहे. निघण्याआधी घरी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घे, टॅलीचं डेटा फोल्डर वेगळं कॉपी कर, मराठी टायपिंगला श्रीलिपी वापरत असलीस तर तिचा परवाना आणि फाँट जपून ठेव, डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरव. ‘फॉरमॅट मारून देतो’ या वाक्यावर बॅकअप नसताना कधीही हो म्हणू नको. आणि जुनी डिस्क हातात घेऊनच घरी ये. छोट्या यूएसबी केसमध्ये घातलीस की तीच बॅकअपला कामी येते. भंगारात द्यायची वेळ आली तर आधी पुसून टाक, आणि ई-कचरा अधिकृतपणे घेणाऱ्याकडेच दे.

थांबायचं कुठे तेही ठरवून ठेव. बिजागरं तुटली आहेत, रॅम बोर्डावर सोल्डर केलेली चार जीबीच आहे, बॅटरीही गेली आहे, प्रोसेसर जुना आहे. असं सगळं एकत्र आलं तर मोह सोड. दुरुस्तीचा एकूण आकडा चांगल्या मशीनच्या निम्म्या किमतीवर गेला की माझ्या हिशेबाने ते पैसे नव्यातच घालावेत. तेव्हाही घेताना दोन गोष्टी विचार: रॅम वाढवता येते का, आणि एसएसडी बदलता येते का. दोन्ही नाही म्हणाले तर पुढच्या दुकानात जा.

तेव्हा या आठवड्यात एवढं कर. मशीन रखडेल तेव्हा टास्क मॅनेजर उघड आणि वहीत पाच गोष्टी लिही: डिस्क एचडीडी की एसएसडी, मेमरी किती टक्के, स्लॉट किती मोकळे, प्रोसेसरचा नंबर, लॅपटॉपचा मॉडेल नंबर. ते पान घेऊनच दुकानात जा, आणि पानावर जे नाही त्याचे पैसे देऊ नको.